युरोव्हिजन ही नक्की काय भानगड आहे?

दर मे महिन्यात एक शनिवार असा येतो की युरोपात राहणाऱ्या आपल्या मित्रमंडळींच्या स्टेटसवर अचानक चमकी, धूर, आगीचे लोळ आणि कुठल्यातरी शेजारी देशाच्या नावानं बोटं मोडणं सुरू होतं. काय चाललंय विचारलं की उत्तर एका शब्दात येतं, युरोव्हिजन, आणि पुढं काही नाही, कारण समजावायचं म्हणजे अर्धा तास जाणार आणि तिकडे गाणं सुरू असतं. तर तो अर्धा तास मी देते. एका ओळीत सांगायचं तर दर वर्षी होणारी ही देशादेशांतली गाण्यांची स्पर्धा, एकेका देशाचं एकेक गाणं, आणि गुण देणारेही तेच देश.

माझी सुरुवात २०१६ ला झाली. ऑफिसच्या कामाला नेदरलँड्सला गेले होते आणि शनिवारी आइंडहोव्हनला मावसबहिणीकडे मुक्काम. वाटलं होतं गप्पा मारू, लवकर झोपू. कसलं काय, हॉलमध्ये नऊ माणसं, टेबलावर चीज, चिप्स, बहिणीनं केलेला पातळ पोह्यांचा चिवडा, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक प्रिंटआउट, त्यावर सव्वीस देशांची नावं आणि पुढं रिकामे चौकोन. माझ्याही हातात एक कोंबला. शेजारी बहिणीच्या ऑफिसातली एक पोलिश मुलगी बसली होती, ती पेन्सिलीला टोक काढत होती. गाण्याच्या कार्यक्रमाला पेन्सिलीला टोक! तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा कार्यक्रम गाण्यांचा कमी आणि बेरजेचा जास्त आहे.

आधी साधी गोष्ट सांगते. युरोपात प्रत्येक देशाचं आपलं आपलं दूरदर्शन असतं, ब्रिटनचं बीबीसी, इटलीचं राई, स्वीडनचं एसव्हीटी, अशी सार्वजनिक चॅनेलं. या सगळ्यांची एक संघटना आहे, युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन, स्थापना १९५० ची, ऑफिस जिनिव्हाला. आणि स्पर्धेत नाव देशाचं असलं तरी उतरतात ही चॅनेलं. एवढं लक्षात ठेवलं की "इस्रायल युरोपात कधीपासून" आणि "ऑस्ट्रेलियाचं इथं काय काम" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात. इस्रायलचं चॅनेल संघटनेचं सभासद म्हणून तो देश १९७३ पासून येतो, मोरोक्को तसाच १९८० ला एकदा येऊन गेला, आणि ऑस्ट्रेलियाचं एसबीएस चॅनेल १९८३ पासून हा कार्यक्रम दाखवतंय, कारण युद्धानंतर युरोपातून तिकडे गेलेली ढीगभर कुटुंबं, त्यांच्या घरी हे बघितलं जाणारच. शेवटी २०१५ ला साठावी स्पर्धा म्हणून त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं, आणि पाहुणे काही परत गेले नाहीत.

नियम फार नाहीत. गाणं नवं हवं, तीन मिनिटांच्या आत हवं, स्टेजवर जास्तीत जास्त सहा माणसं. मुख्य आवाज लाइव्ह, तिथं लिपसिंक चालत नाही, पण वाद्यं सगळी रेकॉर्डेड, म्हणजे जो माणूस जीव तोडून गिटार बडवतोय ते निव्वळ नाटक. १९९८ पर्यंत खरा ऑर्केस्ट्रा असायचा, नंतर तो गेला आणि जुने लोक अजून हळहळतात. मंगळवारी आणि गुरुवारी सेमीफायनल, शनिवारी फायनल. यजमान देश थेट फायनलला, आणि ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन हे पाच जणही थेट, कारण तिजोरीत सगळ्यात जास्त पैसे तेच घालतात. मोठी वर्गणी देणाऱ्याला मांडवात पुढची खुर्ची, आपल्याला यात नवीन काही नाही. पण खुर्ची मिळाली म्हणून मान मिळतोच असं नाही, ते पुढं येईलच.

जिंकणाऱ्याला रोख बक्षीस नसतं, काचेचा एक माइक मिळतो आणि त्याच्या देशाच्या गळ्यात पुढच्या वर्षीचं यजमानपद. हे गळ्यात पडणं शब्दशः घ्या. लक्झेंबर्ग १९७२ ला जिंकलं, १९७३ ला यजमान झालं आणि आपल्याच घरी पुन्हा जिंकलं, मग म्हणालं आता खर्च झेपत नाही, दुसऱ्या कुणीतरी बघा. म्हणून १९७४ ची स्पर्धा इंग्लंडमधल्या ब्रायटनला झाली. आयर्लंड तर १९९२, ९३, ९४ सलग तीन वर्षं जिंकलं, म्हणजे तीन वर्षं मांडव त्यांच्याच दारात. त्यातली एक स्पर्धा त्यांनी मिलस्ट्रीट नावाच्या जेमतेम दीड हजार वस्तीच्या गावात, घोडेस्वारीच्या बंदिस्त आखाड्यात भरवली.

अजून एक, स्पर्धा गाण्याची आहे, गायकाची नाही, गायक कुठलाही चालतो. १९८८ ला स्वित्झर्लंडसाठी जी वीस वर्षांची मुलगी गायली ती कॅनडाची होती, ब्रिटनला एका गुणानं हरवून जिंकली. नाव सेलीन डिऑन. टायटॅनिक सिनेमातल्या तिच्या गाण्याला अजून नऊ वर्षं होती.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. हे सगळं सुरू का झालं? लोक सांगतात की युद्धानं फाटलेल्या युरोपाला गाण्यानं जोडायचं होतं. ऐकायला छान आहे, थोडं खरंही असेल, पण मुळात हा प्रक्षेपणाच्या तंत्राचा प्रयोग होता. टीव्हीचा सिग्नल सरळ रेषेत जातो, पृथ्वी गोल, मधे आल्प्स, उपग्रह अजून आलेले नाहीत. मग एका डोंगरावर टॉवर, तिथून दिसेल अशा पुढच्या डोंगरावर दुसरा टॉवर, असं एकानं दुसऱ्याला चिठ्ठी पास करावी तसं चित्र देशोदेशी पोचवायचं. त्यात गंमत अशी की प्रत्येकाचा टीव्ही वेगळा, ब्रिटनचं चित्र ४०५ ओळींचं, फ्रान्सचं ८१९, बाकी बऱ्याच जणांचं ६२५. एकाचं चित्र दुसऱ्याच्या डब्यावर दिसणारच नाही. उपाय काय काढला तर एका टीव्हीच्या पडद्यासमोर दुसऱ्या देशाचा कॅमेरा उभा करायचा आणि पडद्याचंच शूटिंग करायचं, आपण थिएटरातला पिक्चर मोबाईलवर काढावा तसं. १९५३ चा राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक असाच शेजारच्या देशांत दिसला, १९५४ चा फुटबॉल वर्ल्ड कपही. या जाळ्याचंच नाव युरोव्हिजन. स्पर्धा नंतर आली, नाव आधीचं.

पण राज्याभिषेक काय रोज होत नाही. जाळं आहे आणि त्यात घालायला माल नाही, अशी अवस्था. तेव्हा स्विस टीव्हीचे प्रमुख मार्सेल बेझाँसाँ यांच्या पुढाकारानं ठरलं की इटलीत सान रेमोला १९५१ पासून गाण्यांचा जो उत्सव चालतो तसंच काहीतरी सगळ्यांनी मिळून करायचं, दर वर्षी, लाइव्ह. २४ मे १९५६, स्वित्झर्लंडमधलं लुगानो, सात देश, प्रत्येकाची दोन गाणी. टीव्ही फार कमी घरांत होते, बहुतेकांनी रेडिओवरच ऐकलं. परीक्षक प्रत्येक देशाचे दोन, मतदान गुप्त, आणि स्वतःच्या देशाला गुण द्यायला पूर्ण मोकळीक. लक्झेंबर्गला परीक्षक पाठवता आले नाहीत म्हणून त्यांच्या वतीनं दोन स्विस माणसं बसवली. आणि जिंकलं कोण? बरोबर, स्वित्झर्लंड. गुणपत्रिका आजतागायत कुणी बाहेर काढलेली नाही. मला काही म्हणायचं नाही, पण गल्लीतल्या स्पर्धेत मंडळाच्या अध्यक्षांची पुतणी पहिली आली की आपण जसं एकमेकांकडे बघतो तसं बघून घ्या.

यातून शहाणे होऊन दुसऱ्याच वर्षी, फ्रँकफर्टला, त्यांनी दोन गोष्टी केल्या. स्वतःला मत द्यायचं नाही, आणि गुण सगळ्यांसमोर सांगायचे, एकेका देशाला टेलिफोन लावून, मोठ्या फळ्यावर आकडे बदलत. आणि माझ्या मते युरोव्हिजनचा खरा वाढदिवस हा, लुगानोचा नाही. कारण गाणी ऐकायला रेडिओ पुरत होता, पण कोपनहेगनचा माणूस खरखरत्या लाइनवर रोमला किती गुण देतोय हे श्वास धरून बघायचं, हे याआधी कुणी बघितलंच नव्हतं.

टेलिफोनमुळे घोळही झाले. १९६३ ला लंडनमध्ये नॉर्वेचा माणूस गुण सांगायला लागला, पद्धत चुकली, निवेदिका केटी बॉइलनं त्याला सांगितलं की थांबा, तुमच्याकडे शेवटी परत येते. परत आली तेव्हा आकडे बदललेले! आधीच्या आकड्यांनी स्वित्झर्लंड जिंकत होतं, नव्या आकड्यांनी डेन्मार्क, म्हणजे नॉर्वेचा सख्खा शेजारी. शेजाऱ्यांचं शेजाऱ्यांना मत ही तक्रार किती जुनी आहे बघा. १९६९ ला तर माद्रिदमध्ये चार देशांना सारखेच गुण पडले, स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स, फ्रान्स, आणि बरोबरी झाली तर काय करायचं हे नियमात कुठं लिहिलेलंच नव्हतं. चौघेही विजेते. पुढच्या वर्षी नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, पोर्तुगाल रुसून आलेच नाहीत.

मग १९७५ ला ती पद्धत आली जी आजही चालते, आणि हीच नीट समजली की बाकी सगळं समजतं. प्रत्येक देश आपल्या आवडीची दहा गाणी निवडतो. दहाव्या नंबराला १ गुण, नवव्याला २, असं चढत तिसऱ्या नंबराला ८, मग उडी मारून दुसऱ्याला १०, पहिल्याला १२. ती फ्रेंचमधली "दूझ प्वाँ" ऐकली असेल तर ती म्हणजे हे बारा गुण. आता बघा, अकराव्या नंबराला काय? शून्य. पंचविसाव्यालाही शून्य. म्हणजे एखादं गाणं प्रत्येक देशात लोकांना बरं वाटलं, सगळीकडे अकरावं आलं, तर त्याची बेरीज शून्य, आणि एखादं गाणं अर्ध्या युरोपाला किळसवाणं वाटलं पण उरलेल्या अर्ध्याला वेड लावून गेलं तर त्याची गाडी सुसाट. म्हणून इथं सगळ्यांना बरं वाटणारं गुळमुळीत गाणं पाठवणं हा सगळ्यात मोठा मूर्खपणा. ब्रिटनला २०२१ ला परीक्षकांचे शून्य आणि लोकांचेही शून्य पडले, तेव्हा त्यांच्या गायकाला एकही मत मिळालं नाही असं नव्हतं, फक्त कुठल्याच देशात तो पहिल्या दहांत नव्हता. तो बिचारा मस्त हसला, ग्लास उंच केला, आणि हॉलमधले सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

दुसरी मजा अशी की लहान देश, मोठा देश, सगळ्यांचे गुण सारखे. जर्मनीत आठ कोटींवर माणसं, सॅन मारिनोत आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी, पण दोघांकडेही बारा म्हणजे बाराच. त्यात सॅन मारिनोचं टेलिफोनचं जाळं इटलीशी जोडलेलं, तिथल्या लोकांचे फोन वेगळे मोजताच येत नाहीत, म्हणून त्यांच्या जनतेचे गुण चक्क दुसऱ्या काही देशांच्या निकालांची सरासरी काढून लावतात. त्या देशात घरी बसून कुणी कुणाला मत दिलं तरी हिशेबात धरलंच जात नाही, आणि तरी दर वर्षी "सॅन मारिनोच्या जनतेचे गुण" असतातच.

फोनवरून जनतेचं मत १९९७ ला पाच देशांत करून बघितलं, १९९८ पासून बहुतेक सगळीकडे आलं. आणि मग काय, सायप्रसचे बारा ग्रीसला, ग्रीसचे बारा सायप्रसला, ते दोघं समोर आले की हॉलमध्ये आधीच हशा पिकतो. बाल्कनवाले आपसात, स्कँडिनेव्हियावाले आपसात. पश्चिमेकडचे म्हणायला लागले की हे गटबाजीचं राजकारण आहे. आहे थोडं. पण शेजाऱ्यांची भाषा, सूर, पार्टीत वाजणारी गाणी सारखी असतात हेही आहेच, कोल्हापुरात आणि बेळगावात एकच गाणं वाजतं त्यात कट कसला.

आणि खरा खेळ शेजाऱ्यांपेक्षा परदेशी गेलेल्या माणसांचा आहे. आपल्याकडे २००७ चं इंडियन आयडॉल आठवा, दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल, तिकडचे लोक कसे एसएमएसवर तुटून पडले होते. युरोव्हिजनमध्ये तेच, पण एक पाचर मारलेली आहे. आपल्याकडे सगळी मतं एकाच टोपलीत पडतात, तिथं प्रत्येक देशाची टोपली वेगळी आणि स्वतःच्या देशाला मत देताच येत नाही. म्हणजे वॉर्सात बसलेल्या पोलिश माणसाचा पोलंडला काडीचा उपयोग नाही, पण नोकरीसाठी आइंडहोव्हनला आलेली ती पेन्सिलवाली मुलगी, तिचं मत नेदरलँड्सच्या टोपलीत पडतं आणि पोलंडला जातं. एका फोनवरून वीस मतं द्यायची सोय होती. तिनं वीसच्या वीस दिली, माझ्यासमोर, एका हातात चिवडा, दुसऱ्या हातात फोन.

नुसत्या फोनवर सोडलं तर असंच होणार म्हणून २००९ ला फायनलमध्ये तज्ज्ञ परीक्षक परत आणले, निम्मा वाटा त्यांचा, निम्मा लोकांचा. त्या वेळी प्रत्येक देशात संगीत क्षेत्रातले पाच जण असायचे. बऱ्याच लोकांना माहीत नसतं ते सांगते, हे परीक्षक शनिवारचा कार्यक्रम बघून गुण देत नाहीत, ते शुक्रवारी रात्रीची रंगीत तालीम बघून देतात. म्हणजे शनिवारी आपण सोफ्यावर बसतो तेव्हा निम्मा निकाल लागलेला असतो, शुक्रवारी गायकाचा घसा बसला असेल तर शनिवारी तो कितीही चांगला गाऊ दे.

२०१६ ला त्यांनी हे दोन वाटे वेगवेगळे जाहीर करायला सुरुवात केली, आणि मी नेमकी त्याच रात्री तिथं होते. आधी बेचाळीस देशांच्या परीक्षकांचे गुण (सेमीफायनलला बाद झालेलेही गुण देतात), एकेका राजधानीतून कुणीतरी नटूनथटून, मागं रोषणाई केलेली इमारत, "हॅलो स्टॉकहोम, काय सुंदर कार्यक्रम" म्हणत वेळ खाणार आणि हॉल ओरडणार की आकडा बोल. तासभर हेच. ऑस्ट्रेलिया ३२० गुणांवर, युक्रेन २११, रशिया १३०. पोलंड? सात. फक्त सात, सव्वीसांत शेवटून दुसरा. ती मुलगी गप्प बसली होती, कागद उलटा करून ठेवला होता तिनं.

मग लोकांचे गुण, सगळ्यात कमी मिळालेल्या देशापासून वर. एकेक नाव येतंय, जातंय, पोलंडचं नाव काही येईना. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, थांबा, पोलंड अजून बाकी आहे. शेवटचे तीन उरले, युक्रेन, रशिया आणि पोलंड! २२२ गुण. ती मुलगी जी किंचाळली, खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला दांडकं आपटलं. परीक्षकांनी सात दिलेल्या गाण्याला लोकांनी दोनशे बावीस, एकदम तळातून आठव्या नंबरावर. पुढं युक्रेनला ३२३, एकूण ५३४. रशियाला लोकांचे सर्वात जास्त, ३६१, पण एकूण ४९१. म्हणजे परीक्षकांचा पहिला ऑस्ट्रेलिया, लोकांचा पहिला रशिया, आणि जिंकलं युक्रेन, जे दोन्हीकडे दुसरं होतं. बेरजेचा कार्यक्रम म्हणते तो यासाठी.

माझं स्वतःचं मत विचाराल तर निम्मी गाणी टाकाऊ असतात. पण टाकाऊ गाण्याला मधे जो देखावा असतो तो बघायला मजा येते, तीन मिनिटांत कुणी पियानो पेटवतं, कुणी राक्षसाचे मुखवटे घालून हेवी मेटल वाजवतं (फिनलंडचे लॉर्डी, २००६, जिंकले!), आणि गाणं संपलं की चाळीसेक सेकंदांचा एक छोटा व्हिडिओ दाखवतात, त्याला पोस्टकार्ड म्हणतात. ते पोस्टकार्ड दिसत असताना अंधारात काळे कपडे घातलेली माणसं आधीचा पियानो ढकलून बाहेर, कागदाचे कपटे झाडून काढतात, नवा जिना आत आणतात, माइक लावतात, खुणेच्या चिकटपट्ट्या बघतात आणि पळतात. एकदा तो भाग यूट्यूबवर बघा, पंढरीच्या वारीतला मुक्काम हलवतात तशी शिस्त. माझ्यासाठी अर्धं युरोव्हिजन तेच.

आणि मग मधेच कुठंतरी एखादं गाणं स्पर्धेच्या बाहेर निघून जातं. इटलीचं ते "व्होलारे, ओ ओ", १९५८ ला तिसरं आलं आणि पहिल्याच ग्रॅमीत वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरलं. ब्रायटनला १९७४ ला स्वीडनचा आब्बा ग्रुप जिंकला, त्यांचा ऑर्केस्ट्रा कंडक्टर नेपोलियनच्या वेशात आला होता कारण गाणं वॉटर्लूवर, आणि ज्या ब्रिटननं नंतर आब्बाला डोक्यावर घेतलं त्याच्या परीक्षकांनी त्या रात्री शून्य दिला होता. पण त्याच रात्री पोर्तुगालचं एक शांत गाणं संयुक्त शेवटच्या नंबरावर राहिलं, फक्त तीन गुण. अडीच आठवड्यांनी, २४ एप्रिलला रात्री अकराला पाच मिनिटं असताना लिस्बनच्या रेडिओवर तेच गाणं लागलं, आणि ती लष्करातल्या बंडखोर अधिकाऱ्यांना तयारीची खूण होती. दुसऱ्या दिवशी जवळजवळ पाच दशकांची हुकूमशाही कोसळली, लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोचली. युरोव्हिजनमध्ये तीन गुण!

मिलस्ट्रीटच्या त्या १९९३ च्या स्पर्धेत बोस्निया पहिल्यांदा आला. साराजेव्होला वेढा पडलेला, कलाकार रात्री गोळ्या चुकवत विमानतळाची धावपट्टी ओलांडून बाहेर पडले. गुण सांगायची वेळ आली, लाइनवर नुसती खरखर, आणि मग त्यातून लांबून आवाज आला, "हॅलो मिलस्ट्रीट, साराजेव्हो बोलतंय". हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. गाणं कुणाला आठवत नाही, तो फोन आठवतो. पुढच्याच वर्षापासून उपग्रहावरून माणसांचे चेहरे दिसायला लागले, त्यामुळे नुसत्या आवाजाचा तो जमाना मागं पडला.

राजकारण नको असा नियम आहे आणि तो नियम पाळताना सगळ्यात जास्त राजकारण होतं. १९७८ ला इस्रायल जिंकतंय असं दिसल्यावर जॉर्डनच्या टीव्हीनं प्रक्षेपण तोडून फुलांचे फोटो दाखवले आणि नंतर सांगितलं की बेल्जियम जिंकलं. २००९ ला स्पर्धा मॉस्कोत, तर जॉर्जियानं असं गाणं पाठवलं की त्याच्या बोलांत पुतिनचं नाव ऐकू यावं, ते बदला म्हटल्यावर ते आलेच नाहीत. २०१६ चं जिंकलेलं युक्रेनचं गाणं होतं स्टालिननं १९४४ ला क्रिमियातून हाकललेल्या तातारांवर, गायिका जमाला हिच्या पणजीची कथा, आणि दोनच वर्षांपूर्वी रशियानं क्रिमिया घेतलेला. संघटना म्हणाली हा इतिहास आहे, राजकारण नाही. २०२२ ला रशियाला बाहेर काढलं, युक्रेनला लोकांनी ४३९ गुण दिले, आजवरचा विक्रम, पण युद्धात स्पर्धा भरवणार कशी, म्हणून २०२३ ला दुसऱ्या आलेल्या ब्रिटननं त्यांच्या वतीनं लिव्हरपूलला भरवली.

सध्याचं भांडण इस्रायलवरून आहे. गाझातल्या युद्धामुळे त्यांना काढा अशी मागणी, रशियाला एक न्याय आणि यांना दुसरा का हा प्रश्न, त्यात २०२५ ला बाझेलमध्ये ते लोकांच्या मतांत पहिले आणि एकूण दुसरे आले, आणि काही देशांच्या चॅनेलांनी मतमोजणीवरच शंका घेतली. मग मतांची मर्यादा वीसवरून दहावर आणली, सेमीफायनललाही परीक्षक परत बसवले, पण डिसेंबर २०२५ मध्ये इस्रायलला राहू द्यायचं ठरल्यावर स्पेन, नेदरलँड्स, आयर्लंड, स्लोव्हेनिया आणि पाठोपाठ आइसलंड यांनी २०२६ च्या व्हिएन्नाला येणार नाही असं जाहीर केलं. सात वेळा जिंकलेलं आयर्लंड आणि मोठी वर्गणी देणारा स्पेन, दोघंही घरी. माझ्या बहिणीचा तो हॉल, ते प्रिंटआउट, तिथंही यावरून दोन तट पडलेत, व्हॉट्सॲप ग्रुपवर मी बघते.

आपल्याकडून बघायचं असेल तर फायनल आपल्या रात्री साडेबाराला सुरू होते आणि पहाटे साडेचारच्या आसपास संपते, अधिकृत यूट्यूब चॅनेलवर लाइव्ह. २०२३ पासून स्पर्धेबाहेरच्या देशांतल्या लोकांनाही ऑनलाइन मत देता येतं, कार्डावरून पैसे भरून. फक्त उरलेलं सगळं जग मिळून एक देश धरतात, म्हणजे भारत, अमेरिका, ब्राझील सगळ्यांची मिळून किंमत बरोबर एका सॅन मारिनोच्या जनतेएवढी.

मी दर वर्षी पुण्यात एकटीच बसते, आवाज कमी करून, कागद मात्र अजून छापते. २०२५ ला साडेतीनच्या सुमाराला आई पाणी प्यायला उठली, म्हणाली, हे काय, यात आपलं कोण आहे? म्हटलं कुणीच नाही. मग का जागतेस, म्हणाली आणि बसली. सुरुवातीचे तुकडे परत दाखवत होते, त्यात एस्तोनियाचा तो उंच हडकुळा, टाय लावलेला, कॉफीचं गाणं म्हणत रबरासारखे पाय करत नाचणारा, आईनं दोनदा "हा परत लाव" म्हटलं. तो शेवटी तिसरा आला. आईनं त्याला बारा दिले होते, मी आठ.